कोर्स संपला, पण जंतू गेला का?

सकाळी तर्री-पोहा, दुपारी ऑफिसचा डबा, रविवारी सावजी, आणि उशाशी पॅन्टोप्राझोलची अर्धी संपलेली पट्टी. नागपुरातल्या कितीतरी घरांत हे चित्र आता इतकं सवयीचं झालंय की त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. औषधाच्या दुकानात ‘भाऊ, ॲसिडिटीची द्या’ म्हटलं की काम झालं. ही गोळी किती वर्षं चालू आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर ‘असंच, अधूनमधून’ असं उत्तर मिळतं, आणि त्या अधूनमधूनला सहा-सात वर्षं झालेली असतात. त्या गोळीआड कधी कधी जठरातला एक जंतू लपलेला असतो, आणि गोष्ट त्याचीच आहे.

‘ॲसिडिटी’ या एका शब्दात आपण निदान चार वेगळे आजार कोंबले आहेत. आम्ल अन्ननलिकेत वर येणं वेगळं. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होणं वेगळं. सगळ्या तपासण्या चांगल्या येऊनही वरच्या पोटात दुखणं, थोडं खाल्लं की पोट गच्च होणं, हे आणखी वेगळं. आणि जठराच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज असणं, म्हणजे क्रॉनिक गॅस्ट्रायटिस, हे या सगळ्यांहून निराळं. या शेवटच्या प्रकाराचा घोळ असा की तो दुखण्यावरून ओळखता येत नाही. कुणाची आग आग होते आणि अस्तर अगदी स्वच्छ निघतं. कुणाला आयुष्यात एक करपट ढेकर आलेली नसते आणि अस्तराचा तुकडा काढून तपासला तर ते जागोजागी झिजलेलं दिसतं. गॅस्ट्रायटिस हे मुळात सूक्ष्मदर्शकाखालचं निदान आहे. दुर्बिणीच्या, म्हणजे एन्डोस्कोपीच्या, अहवालात नुसतं लालसरपणा पाहून ‘गॅस्ट्रायटिस’ लिहिलेलं असतं, त्याला तुकड्याच्या तपासणीशिवाय फारसं वजन देऊ नये.

या दीर्घ सुजेचं जगभर सगळ्यात जास्त आढळणारं कारण एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये तो पहिल्यांदा वाढवला. तोही अपघातानेच. एरवी दोन दिवसांत फेकून दिल्या जाणाऱ्या बशा ईस्टरच्या सुट्टीमुळे पाच दिवस तशाच राहिल्या आणि त्या संथ वाढणाऱ्या जंतूला उगवायला वेळ मिळाला. जठराच्या आम्लात जंतू जगतो यावर तेव्हा कुणी विश्वास ठेवेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतःच प्यायला आणि काही दिवसांत त्यांना गॅस्ट्रायटिस झाला. २००५ चं नोबेल या दोघांना मिळालं. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला पहिल्या गटातला कर्ककारक ठरवलं होतं. तंबाखू ज्या गटात आहे, त्याच गटात.

आम्लात तो टिकतो कसा, हे समजून घेतलं की पुढच्या सगळ्या चाचण्याही समजतात. त्याच्याजवळ युरिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर असतं. जठरातल्या रसात युरिया असतो. हे विकर त्या युरियाचं अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करतं. अमोनिया अल्कधर्मी, म्हणून जंतूभोवती आम्ल मारलं गेलेलं एक छोटं कवच तयार होतं. त्या कवचात बसून, आपल्या शेपट्यांनी पोहत, तो अस्तरावरच्या चिकट थरात शिरतो. तिथं आम्ल पोचत नाही आणि आपल्या पांढऱ्या पेशींनाही त्याचा पुरता निकाल लावता येत नाही. त्या येत राहतात, लढत राहतात, आणि ही न संपणारी लढाई म्हणजेच ती सूज.

लागण बहुतेकदा लहानपणी होते, साधारण दहाव्या वर्षाच्या आत, आणि तीही घरातल्या घरात. आईच्या किंवा आजीच्या तोंडातून, उलटीतून, नीट न धुतलेल्या हातांतून, दूषित पाण्यातून. बाळाला घास चावून भरवण्याची आपली जुनी पद्धत यात बसते, हे आजीला सांगणं अवघड आहे, पण सांगावं. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांत हा जंतू सापडतो. त्यामुळे अहवालात ‘पॉझिटिव्ह’ दिसलं म्हणून कुणाच्या पायाखालची जमीन सरकायचं कारण नाही. लागण झालेल्या शंभरांपैकी दहा-पंधरा जणांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो आणि एक ते तीन जणांना जठराचा कर्करोग. बाकीचे सूज घेऊन जगतात आणि दुसऱ्याच कशाने जातात.

मग या एक ते तिघांत कोण जातं? इथं जंतू जठराच्या कोणत्या भागात बसलाय, ते महत्त्वाचं ठरतं. जठराच्या खालच्या भागातच सूज असेल तर आम्ल वाढतं आणि लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होतो. गंमत म्हणजे अशा अल्सरवाल्यांत जठराच्या कर्करोगाचं प्रमाण कमी असतं. सूज वरच्या मोठ्या भागात, म्हणजे जिथं आम्ल तयार होतं तिथं पसरली, तर उलटी गंगा वाहते. आम्लाच्या ग्रंथी मरू लागतात, आम्ल कमी होतं, अस्तर पातळ होतं. याला ॲट्रॉफी म्हणतात. त्या ओसाड जागेत पुढे आतड्यासारख्या पेशी उगवतात, तो इंटेस्टिनल मेटाप्लेशिया. त्यातल्या काही पेशी बिघडतात, तो डिस्प्लेशिया. आणि शेवटी कर्करोग. कोलंबियाचे पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेआ यांनी १९७५ मध्ये ही पायऱ्यांची मांडणी केली. ही उतरण दहा-वीस, कधी तीस वर्षांची असते. मधे कुठंही थांबू शकते, आणि बहुतेकांची थांबतेच.

आता त्या उशाशी ठेवलेल्या पट्टीकडे परत येऊ. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी पीपीआय गटातली औषधं. ती आम्ल दाबतात. पोटात जंतू असताना ती वर्षानुवर्षं घेतली तर खालच्या भागातला जंतू वरच्या भागाकडे सरकतो आणि सूजही तिकडे जाते. गोळीने कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी ती घाबरून बंद करू नये. पण जी गोळी वर्षभराहून जास्त काळ पोटात जाणार आहे, ती सुरू करण्याआधी किंवा निदान मधेच एकदा जंतूची तपासणी व्हायला हवी. दुसरी गोष्ट आणखी वाईट. गोळीने जळजळ थांबते, म्हणून माणूस तपासायला जातच नाही. आणि तिसरी गोष्ट अशी की गोळी चालू असताना तपासलं तर जंतू बऱ्याचदा सापडत नाही.

इथूनच चाचण्यांचा घोळ सुरू होतो.

जंतू शोधायचे मुख्य रस्ते चार. श्वासाची चाचणी, शौचातल्या अँटिजेनची, म्हणजे जंतूच्या अंशाची, चाचणी, दुर्बिणीतून काढलेला तुकडा, आणि रक्त. रक्ताचं आधी निकालात काढतो. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधून ‘एच पायलोरी आयजीजी’ पॉझिटिव्ह येतं आणि लोक हादरून जातात. हा प्रतिपिंड आहे, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेला पदार्थ. जंतू पोटात आहे की कधीकाळी होता, हे तो सांगत नाही. उपचार होऊन जंतू गेला तरी हा आकडा महिनोनमहिने, कधी वर्षानुवर्षं वर राहतो. त्यावरून उपचार सुरू करू नयेत आणि जंतू गेला का हे तर त्यावरून अजिबात ठरवू नये. माझं स्पष्ट मत आहे की पॅकेजमधली ही चाचणी काढून टाकली तर कुणाचं काहीही बिघडणार नाही.

श्वासाच्या चाचणीत युरिया प्यायला किंवा कॅप्सूलमधून देतात. त्यातल्या कार्बनवर खूण केलेली असते, कार्बन १३ किंवा कार्बन १४. जंतू असेल तर त्याचं युरिएज या युरियाचं विघटन करतं, खुणेचा कार्बन डायऑक्साइड रक्तातून फुप्फुसात येतो आणि फुंकलेल्या श्वासात पकडला जातो. साधारण सहा तास उपाशी राहायचं, पाण्याचीही वेळ केंद्राला विचारून घ्यायची, सिगारेट नको, आणि चाचणी चालू असताना शांत बसून राहायचं. कार्बन १४ मध्ये अगदी थोडा किरणोत्सर्ग असतो. तो नगण्य असला तरी गरोदर बाईला आणि लहान मुलांना कार्बन १३ च योग्य.

शौचाची चाचणी स्वस्त पडते आणि चांगल्या दर्जाची, म्हणजे मोनोक्लोनल प्रकारची असेल तर श्वासाच्या चाचणीच्या तोडीस तोड ठरते. मटाराएवढा नमुना पुरतो. पण पातळ पाण्यासारखी शौच असेल तर नमुना देऊ नका, जंतूचा अंश विरळ होतो. शिवाय हे नागपूर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना डबी गाडीच्या डिक्कीत टाकून सकाळी बँकेची कामं, मग भाजी, मग लॅब, असा फेरफटका करू नका. नमुना थंड ठेवून तासाभरात पोचवा. ताबडतोब जमत नसेल तर फ्रीजमध्ये वेगळ्या डब्यात ठेवून लॅबला विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. श्वास असो, शौच असो की तुकडा, चाचणीच्या आधी पीपीआय २ आठवडे बंद हवी. अँटिबायोटिक आणि बिस्मथ हे पोटाचं औषध ४ आठवडे बंद हवं. ही औषधं जंतूला पुरतं मारत नाहीत, पण दडपून टाकतात, त्याची संख्या चाचणीच्या नजरेआड जाते आणि अहवाल खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. लोक नेमके आठवडाभर गोळी घेऊन, बरं वाटलं नाही म्हणून चाचणीला जातात. घशाला किंवा दाताला घेतलेला अँटिबायोटिकचा कोर्सही यात धरायचा, तो पोटासाठी नव्हता म्हणून सोडून द्यायचा नाही. तोवर जळजळ झालीच तर पातळ अँटासिड चालतं, चाचणीच्या आदल्या दिवसापर्यंत. उलट बाजूने मात्र गडबड होत नाही. पीपीआय चालू असतानाही पॉझिटिव्ह आलं तर ते खरं समजायचं.

दुर्बीण कुणाला लागते? वय साठीकडे झुकलेलं आणि तक्रार नवी असेल, किंवा वयाचा प्रश्न नसताना पुढची कुठलीही खूण असेल तर. कारण नसताना वजन उतरणं, घास अडकणं, पुन्हा पुन्हा उलट्या, काळी डांबरासारखी चिकट शौच, रक्ताची उलटी, थोडं खाऊनच पोट भरणं, वरच्या पोटात गाठ हाताला लागणं, लोह कमी असल्याने झालेला ॲनिमिया. शेवटच्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. पाळी थांबलेल्या बाईचं किंवा कुठल्याही पुरुषाचं हिमोग्लोबिन घसरत असेल तर लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपवायचा नसतो. रक्त कुठं जातंय ते शोधायचं असतं. आपल्याकडे कर्करोग साठीच्या आधीही दिसतो, म्हणून पन्नाशीत नव्याने सुरू झालेल्या, न थांबणाऱ्या तक्रारीत बरेच डॉक्टर दुर्बीण लवकरच करून घेतात, आणि मला ते पटतं.

दुर्बिणीत तुकडे कसे काढले, यावर पुढची दहा वर्षं ठरतात. नुसता खालच्या भागातला एक तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकला, तर जंतू आहे की नाही एवढंच कळतं. जंतू असला की युरिएजमुळे पिवळा रंग गुलाबी होतो, म्हणून ती रॅपिड युरिएज टेस्ट. झीज किती, मेटाप्लेशिया आहे का, तो किती पसरलाय, यासाठी सिडनी पद्धतीप्रमाणे पाच तुकडे लागतात. खालच्या भागातून दोन, जठराच्या वळणाच्या कोपऱ्यातून एक, वरच्या मोठ्या भागातून दोन. वरचे आणि खालचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत. सगळे एकाच डबीत टाकले की पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही की खराबी कुठल्या भागात आहे, आणि तोच तर प्रश्न असतो. धंतोली-रामदासपेठेत दुर्बिणीची केंद्रं भरपूर आहेत, सरकारीतही सोय आहे. तुकडे किती आणि वेगळ्या डब्यांत काढणार का, हे आधी विचारायला लाजू नका. डॉक्टरला याचा राग येऊ नये आणि चांगल्या डॉक्टरला येतही नाही. रक्तस्राव होत असताना रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबायचं नाही, नंतर पुन्हा तपासायचं.

अहवाल हातात आल्यावर शब्दांनी घाबरायला होतं, म्हणून थोडं उकलून सांगतो. ‘क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस’ मधला ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दिसल्या, सूज धगधगती आहे. हे दिसलं आणि जंतू सापडला नाही, तर आधी गोळी चालू होती का, ते विचारा. ‘ॲट्रॉफी’ म्हणजे ग्रंथी झिजल्या. ‘इंटेस्टिनल मेटाप्लेशिया’ हा शब्द पाहून लोक रात्रभर इंटरनेट चाळतात. नेदरलँड्समधल्या मोठ्या नोंदींच्या अभ्यासात वर्षाकाठी कर्करोग होण्याचं प्रमाण ॲट्रॉफीत ०.१ टक्का, मेटाप्लेशियात ०.२५ टक्का, सौम्य ते मध्यम डिस्प्लेशियात ०.६ टक्का आणि तीव्र डिस्प्लेशियात ६ टक्के निघालं. म्हणजे मेटाप्लेशियावाल्या चारशे लोकांमागे वर्षाला एक. मेटाप्लेशिया आणि तीव्र डिस्प्लेशिया यांच्यातली दरी या आकड्यांत दिसते. दोन्हीला एकाच तोंडाने ‘प्री-कॅन्सर’ म्हणणं चूक आहे. तीव्र डिस्प्लेशियाला लगेच हालचाल हवी, तो भाग दुर्बिणीतूनच काढता येतो.

मेटाप्लेशियाचा पाठपुरावा सगळ्यांना लागत नाही. फक्त खालच्या भागात, थोडासा, घरात कुणाला जठराचा कर्करोग नाही, तर जंतू घालवून गप्प बसता येतं. वरच्या-खालच्या दोन्ही भागांत पसरलेला असेल तर दर ३ वर्षांनी नीट दुर्बीण. घरात जठराचा कर्करोग झालेला असेल आणि झीजही पुढे गेलेली असेल, तर १-२ वर्षांनी. ‘इनकम्प्लीट’ प्रकारचा मेटाप्लेशिया जास्त धोक्याचा, म्हणून अहवालात प्रकार लिहिलेला नसेल तर लिहून मागा.

सगळे जठराचे कर्करोग या पायऱ्यांनी येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. डिफ्यूज प्रकार जठराच्या भिंतीत आतल्या आत पसरतो. तो कमी वयात येतो आणि काही घराण्यांत जनुकातून येतो. घरात दोघा-तिघांना, त्यातही चाळिशीच्या आत, जठराचा कर्करोग झाला असेल तर जनुकीय सल्ला घ्यावा. तिथं नुसता जंतू मारून भागत नाही.

जंतूशिवाय काय काय भर घालतं? मीठ. लोणचं, पापड, सुकवलेलं-खारवलेलं मांस-मासे. मीठ अस्तर सोलतं आणि जंतूचं काम सोपं करतं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. जेवणात दोन फोडी लोणचं आणि भाजलेला पापड घेणाऱ्याचं मीठ कुठं जातं, ते त्यानेच मोजावं. भारतात जठराच्या कर्करोगाचं प्रमाण सगळ्यात जास्त मिझोराममध्ये आहे. तिथल्या आहारातलं धुरावलेलं-खारवलेलं मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, तुइबूर, यांच्याकडे संशोधकांचं बोट आहे. आपल्या विदर्भात तोंडाचा कर्करोग पुढे आहे आणि त्याचं कारण प्रत्येक पानठेल्यावर घोटलं जातं. पण खर्रा खाणाऱ्याने तो पोटाला लागत नाही असं समजू नये. सिगारेट-बिडीने जठराच्या कर्करोगाचा धोका साधारण दीडपट होतो आणि धूम्रपान करणाऱ्यांत जंतू घालवणारा कोर्सही जास्त वेळा फसतो.

आणि सावजी? लोकांना हेच विचारायचं असतं. तिखटाने तक्रार वाढते, जळजळ होते, अल्सर असला तर दुखतं. पण मिरचीने हा जंतू येत नाही आणि मिरचीवर कर्करोगाचा ठपका ठेवता येईल इतका पुरावा जमलेला नाही. सावजी सोडून जंतू जात नाही. जंतू पोटात ठेवून फक्त पथ्य पाळणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

जंतू घालवल्याने कर्करोग खरंच टळतो का? जपानमधल्या २००१ च्या अभ्यासात लागण असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना सरासरी ७.८ वर्षांत जठराचा कर्करोग झाला आणि लागण नसलेल्या २८० पैकी एकालाही झाला नाही. कोरियात जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या आई-वडील, भावंडं, मुलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये आलेल्या चाचणीत उपचार दिलेल्यांत १.२ टक्का आणि न दिलेल्यांत २.७ टक्के कर्करोग आढळले. म्हणून घरात कुणाला हा कर्करोग झाला असेल तर रक्ताच्या जवळच्या नातेवाइकांनी तक्रार नसली तरी तपासून घ्यावं. यात एक पाचर आहे. जितकं लवकर, तितका फायदा जास्त. झीज पुढे गेल्यावर जंतू गेला तरी धोका शून्य होत नाही. मेटाप्लेशिया झालाय, आता जंतू घालवून काय उपयोग, असं म्हणणंही चूकच. पुढची पायरी तरी लांबते.

उपचाराकडे वळू. वर्षानुवर्षं आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन, अमोक्सिसिलिन ही दोन अँटिबायोटिक आणि पीपीआय असं एकत्र किट सर्रास दिलं जायचं, अजूनही दिलं जातं, कधी ७ दिवस तर कधी १०. क्लॅरिथ्रोमायसिनला जंतू आता मोठ्या प्रमाणात दाद देत नाही. मेट्रोनिडाझोल आणि लिव्होफ्लॉक्सासिनचीही भारतात तीच गत, कारण ही औषधं जुलाबापासून लघवीच्या जंतुसंसर्गापर्यंत सगळ्यासाठी आपण घेत आलो. संवेदनशीलता, म्हणजे जंतू औषधाला दाद देतो का, हे तपासल्याशिवाय क्लॅरिथ्रोमायसिनचा तिहेरी कोर्स देऊ नये, असं अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या २०२४ च्या सूचना सांगतात. त्यांची पहिली पसंती बिस्मथच्या चौपदरी कोर्सला, १४ दिवस. पीपीआय दिवसातून दोनदा, बिस्मथ चारदा, टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम चारदा, आणि मेट्रोनिडाझोल तीन-चारदा. मेट्रोनिडाझोलचा डोस भरपूर आणि मुदत पूर्ण ठेवली की जंतू त्याला दाद देत नसला तरी या जोडीत ते बऱ्यापैकी चालून जातं, म्हणून दिवस कमी करायचे नाहीत. टेट्रासायक्लिन कधी कधी दुकानात मिळत नाही आणि दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून डॉक्सिसायक्लिन देतो. तेच नाही. या कामात डॉक्सिसायक्लिन कमी पडतं. डॉक्टरला फोन करा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर या कोर्सचा आणखी एक फायदा, यात अमोक्सिसिलिन नाही.

मोजून पाहा, मेट्रोनिडाझोलही चारदा आणि दर वेळी प्रत्येकाची एकेक गोळी धरली की १४ दिवसांत १९६ गोळ्या-कॅप्सूल होतात. इतकं पोटात घालायचं म्हणजे वेळापत्रक हवंच. पीपीआय न्याहारीच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी. बाकीचं जेवणांनंतर आणि झोपताना, डॉक्टरने दिलेल्या क्रमाने. टेट्रासायक्लिनचा शत्रू म्हणजे दूध. कॅल्शियम आणि लोह त्याला बांधून ठेवतात आणि ते नीट शोषलं जात नाही. म्हणजे चहा, ताक, दही, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, सगळं दोन तास आधी-नंतर. आपल्याकडे गोळी चहाबरोबर गिळायची सवय आहे, ती हे १४ दिवस मोडा. झोपतानाची कॅप्सूल ग्लासभर पाण्याने घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून चटका देते. याच औषधाने कातडी उन्हाला हळवी होते. नागपूरच्या उन्हाळ्यात कोर्स सुरू करायची घाई नसेल तर पाऊस पडेपर्यंत थांबायला हरकत नाही, अर्थात अल्सर किंवा रक्तस्राव झालेला नसेल तर. थांबता येत नसेल तर दुपट्टा, लांब बाह्या, दुपारी बाहेर नाही. गरोदर बाया आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलांना टेट्रासायक्लिन द्यायचं नाही.

मेट्रोनिडाझोलने तोंडाला लोखंडाची चव येते. अन्न बेचव लागतं, मळमळतं. कोर्स संपला की जातं. दारू पूर्ण बंद, शेवटच्या गोळीनंतरही तीन दिवस. बिस्मथने शौच आणि जीभ काळी पडते. हे धोक्याचं नाही. काळी, पण बांधलेली शौच बिस्मथची. काळी, चकचकीत, चिकट, दुर्गंधी आणि सोबत चक्कर, घाम, ही रक्ताची. दुसरीला रात्रीही दवाखाना गाठायचा. क्लॅरिथ्रोमायसिन दिलं असेल आणि कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन किंवा वातरक्ताची कोल्चिसिन चालू असेल, तर डॉक्टरला आधी सांगा, ही जोडी घातक ठरते. दही-प्रोबायोटिकने जुलाबाचा त्रास थोडा कमी होतो, पण ते जंतू घालवत नाही.

पहिला कोर्स फसला तर पुन्हा तोच देऊ नये. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन एकदा वापरलं की बाद. अमोक्सिसिलिन आणि टेट्रासायक्लिन पुन्हा वापरता येतं, त्यांना जंतू बहुतेकदा दाद देतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला रिफाब्युटिनचं नाव निघतं, पण आपल्या देशात त्याआधी क्षयरोग नाही ना, हे पाहायला हवं. नाहीतर क्षयरोग अर्धवट दडपला जातो. म्हणूनच आधीच्या कोर्सच्या पट्ट्या किंवा चिठ्ठ्या फेकू नका. कोणतं औषध कधी, किती दिवस घेतलं, हे पुढच्या डॉक्टरला सोन्याच्या मोलाचं असतं.

आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी, जंतू गेला की नाही ते तपासणं. कोर्स संपला, बरं वाटलं, विषय मिटला, असं नसतं. बरं वाटण्याचा आणि जंतू जाण्याचा फारसा संबंध नाही. चांगल्या कोर्सनेही दहातल्या एकाचा जंतू राहतोच. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वास किंवा शौचाची चाचणी. रक्ताची नाही. शेवटची गोळी १५ एप्रिलला घेतली असेल तर १३ मेच्या आधी चाचणी करू नका, आणि २९ एप्रिलपासून तरी पीपीआय बंद हवी. ही तारीख कोर्स सुरू करतानाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण चिठ्ठीवर ती सहसा लिहिलेली नसते.

पीपीआय बंद केली की सुरुवातीला जुनी जळजळ बऱ्याचदा जोराने परतते. आम्लाच्या ग्रंथी दबून होत्या, त्या मोकळ्या झाल्यावर थोडा काळ जास्तच काम करतात. जंतू परत आला असं समजून लोक इथं घाबरून पुन्हा गोळी सुरू करतात आणि १३ मेची चाचणी वाया घालवतात. पातळ अँटासिड घ्या, फारच झालं तर फॅमोटिडिन, तेही चाचणीच्या दोन दिवस आधी थांबवून. काही आठवड्यांत आग उतरते.